वनस्पतींची शिल्लक व आपलें आरोग्य

सुगी आटोपली म्हणजे शेतकरी आपल्या धान्याचे भाग पाडतो. कांहीं विकावयाचें, कांहीं घरीं खावयाचें आणि कांहीं पुढील पेरणीसाठीं राखावयाचें. वनस्पतीचा व्यवहार याहून फारसा निराळा नाहीं. दिवसा उन्हाच्या साहाय्यानें पानें जी शर्करा तयार करतात, तिचा एक भाग वाढीकडे व श्वसनाकडे खर्ची पडतो. उरलेला भाग वनस्पती दाण्यांत, कंदांत, मुळांत किंवा फळांत शिल्लक टाकते. आपण धान्य, कडधान्य व कंद म्हणून जें खातों त्याचा मोठा भाग म्हणजे ही शिल्लकच होय. ती वनस्पतीनें आपल्या रोपासाठीं ठेवलेली असते, मनुष्यासाठीं नव्हे. ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे एक पदार्थ पोटांत लौकर जिरतो, दुसरा सावकाश जिरतो आणि तिसरा मुळींच न जिरतां पुढें जातो, याचा उलगडा होऊं लागतो.

हा विषय शेतकरी वर्गापुढें मांडण्यास एक निकडीचें कारण आहे. मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग, अशी समजूत खेड्यापाड्यांतून फार दिवस चालत आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशभर झालेल्या पाहणीचे जे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांवरून ही समजूत टिकत नाहीं. त्या पाहणीप्रमाणें देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांस मधुमेह आहे. प्रौढांमध्यें त्याचें प्रमाण शेंकडा ११.४ पडतें, शहरांत तें १६.४ तर खेड्यांत ८.९ आहे. म्हणजे खेड्यांतील दर अकरा-बारा प्रौढ माणसांमागें एक माणूस या रोगाचा धनी झाला आहे. याचीं कारणें पुष्कळ आहेत. मोट गेली, नांगर गेला, श्रम कमी झाले हें त्यांतलें एक. परंतु ताटांत काय बदललें हेंहि पाहिलें पाहिजे, व तें आपल्या हातचें आहे.

प्रथम मुख्य शिल्लक जें पिष्ट, त्याचा विचार करूं. तांदूळ, ज्वारी, गहूं, बटाटा, रताळें, सुरण या सर्वांत साठा असतो तो प्रामुख्यानें पिष्टाचा. शर्करा तशीच न ठेवतां वनस्पती तिचें पिष्ट कां करते? विरघळलेल्या शर्करेचा धर्म असा कीं ती पाणी ओढून घेते. कैरीच्या फोडींस मीठ किंवा साखर लावून ठेवली असतां थोड्या वेळांत पाणी सुटतें तें याच धर्मानें. दाण्याच्या पेशींत तेवढी शर्करा विरघळून राहिली असती तर पेशी पाण्यानें फुगत राहिल्या असत्या व दाणा कधीं नीट वाळलाच नसता. म्हणून वनस्पती द्राक्षशर्करेचे शेंकडों-हजारों कण एकास एक जोडून त्यांच्या लांब माळा करते, व त्या माळा घट्ट दाबून त्यांचे बारीक कण बनविते. हे कण थंड पाण्यांत विरघळत नाहींत, पाणी ओढीत नाहींत आणि थोड्या जागेंत पुष्कळ मावतात. बटाटा किसून पाण्यांत खळबळला असतां भांड्याच्या तळाशीं जी पांढरी साय बसते ती म्हणजे हे कण होत.

या माळा दोन प्रकारच्या असतात. एक बहुतेक सरळ, तिला अमायलोज म्हणतात. दुसरी फांद्या फुटलेली, ती अमायलोपेक्टिन. बहुतेक धान्यांत सरळ माळांचा भाग सुमारें एकचतुर्थांश असतो. फांद्यांच्या माळेस मोकळीं टोंकें पुष्कळ, म्हणून आपले पाचक रस तिला एकदम अनेक ठिकाणीं तोडूं शकतात. सरळ माळा एकमेकींस चिकटून बसतात व तेथें पाचक रसाचा शिरकाव सावकाश होतो. शिजल्यावर जो भात लगदा होऊन चिकटतो त्याच्यांत सरळ माळा कमी, जो मोकळा व फडफडीत राहतो त्याच्यांत अधिक. कडधान्यांत त्यांचें प्रमाण धान्यांहून जास्त असतें, आणि शिवाय त्यांचें पिष्ट पेशींच्या जाड भिंतींत कोंडलेलें असतें. हरभऱ्याची उसळ खाऊन माणूस बराच वेळ तृप्त राहतो, याचें एक कारण हें आहे.

ज्यास ही शिल्लक डोळ्यांनीं पाहावयाची असेल त्यानें जखमेवर लावण्याचें तांबूस आयोडीन घेऊन त्याचा एक एक थेंब निरनिराळ्या पदार्थांच्या कापांवर टाकावा. बटाट्यावर थेंब पडतांच निळा-काळा डाग उमटतो. कच्च्या केळ्यावरहि तसाच. केळें पूर्ण पिकलें म्हणजे डाग जेमतेम दिसतो; कारण कच्च्या गरांत शेंकडा वीसच्या सुमारास असलेलें पिष्ट पिकतांना शर्करेंत रूपांतर पावून शेंकडा एक-दोनवर येतें. कांद्याच्या कापावर मात्र थेंब तांबूस तो तांबूसच राहतो. याचें कारण पुढें येईल. शाळेंत जाणाऱ्या मुलांकडून हा प्रयोग अवश्य करवावा. दोन पानें पाठ करण्यापेक्षां त्यांत अधिक शिक्षण आहे. मात्र थेंब टाकलेले काप कोणी तोंडांत घालूं नयेत.

पिष्ट पोटांत गेलें म्हणजे लाळ व स्वादुपिंडाचा रस त्याच्या माळा तोडतात व द्राक्षशर्करा रक्तांत उतरते. ती किती वेगानें उतरते यावर बरेंच अवलंबून आहे. १९८१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथील डॉ. डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरनिराळे पदार्थ खाल्ल्यानंतर रक्तांतील शर्करा कशी चढते याचें मापन करून पदार्थांची प्रतवारी लावली. सारख्याच वजनाचीं कर्बोदकें असूनहि कडधान्यांनीं शर्करा मंद चढते व पांढऱ्या पावानें झपाट्यानें, असें त्यांत दिसून आलें. म्हणजे शिल्लक किती एवढेंच पाहून भागत नाहीं. ती कोणत्या रीतीनें बांधून ठेवली आहे व आपण ती कशी सोडवितों, हें पाहावें लागतें.

सोडविण्याचें काम गिरणी आणि चूल करतात. दाणा अखंड असतां आंतील पिष्ट कोंडलेलें असतें. जाडेंभरडें दळलें तर कांहीं भाग कोंडलेला राहतो. अगदीं बारीक पीठ केलें व वरचा कोंडा चाळून टाकला म्हणजे सर्व दारें उघडतात. चुलीवर पाणी व उष्णता मिळतांच पिष्टाचे कण फुगतात, माळा सैल होतात आणि पाचक रसांस वाट मोकळी होते. तसें झालें नाहीं तर आपण धान्य पचवूंच शकणार नाहीं, म्हणून शिजविणें हें वाईट नव्हे. परंतु पांढरा सडीक तांदूळ, मैदा आणि साबुदाणा या तिघांच्या बाबतींत वनस्पतीनें घातलेले सर्व बंध आपण आधींच तोडून टाकलेले असतात. ज्वारीच्या दाण्यांत पिष्टाभोंवतीं प्रथिनांचें जें वेष्टण असतें त्यामुळें तिचें पिष्ट इतर धान्यांच्या मानानें सावकाश पचतें. पीकपाहणीचे कागद ज्यांनीं वर्षानुवर्षें चाळले आहेत त्यांस निराळें सांगावयास नको कीं महाराष्ट्रांत ज्वारीचें क्षेत्र गेल्या कित्येक दशकांत घटत आलें आहे. शेतांतून जें गेलें तें ताटांतूनहि गेलें. तेथें आतां गहूं आणि रेशनचा तांदूळ आहे.

आतां न जिरणाऱ्या शिल्लकेकडे वळूं. पूर्वीं शास्त्रज्ञांची अशी समजूत होती कीं शिजलेलें सर्व पिष्ट लहान आंतड्यांतच पचून जातें. १९८२ सालीं इंग्लंडांत हान्स एंग्लिस्ट व त्यांचे सहकारी अन्नांतील तंतूंचें मापन करीत असतां, पाचक रसांस दाद न देणारें कांहीं पिष्ट शेष राहतें असें त्यांस आढळलें. त्यास त्यांनीं जें नांव दिलें त्याचा अर्थ प्रतिकारक पिष्ट असा होतो. कच्च्या केळ्यांतील घट्ट कण, अर्धवट दळलेल्या दाण्यांत कोंडलेलें पिष्ट, आणि शिजवून थंड झालेल्या अन्नांत पुन्हां जुळलेल्या सरळ माळा, हीं त्याचीं मुख्य स्थानें होत.

हें पिष्ट वांयां जातें काय? नाहीं. तें मोठ्या आंतड्यांत पोहोंचतें. तेथें असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्ती आहे. ते जंतू त्यास आंबवितात, जसें आपण ताकांत पीठ आंबवितों, आणि त्यापासून तीन अल्प आम्लें तयार होतात. त्यांतील एक ब्युटिरिक आम्ल. लोणी खवट झालें म्हणजे जो उग्र वास सुटतो तो याच आम्लाचा. मोठ्या आंतड्याच्या अस्तरांतील पेशींचें हें मुख्य अन्न आहे. शरीराचे इतर भाग रक्तांतून आपला शिधा घेतात. हें अस्तर मात्र आपला पुष्कळसा शिधा या जंतूंच्या हातून घेतें. जंतूंस कांहीं न देतां सर्व अन्न वरच्या वरच जिरवून टाकलें तर त्या अस्तराची उपासमार होते. न जिरणारा घास हाहि कोणाचा तरी घास असतो तो असा.

शिळ्या भाताविषयीं हल्लीं पुष्कळ बोललें जातें. भात निवून थंड झाला म्हणजे त्याच्या कांहीं माळा पुन्हां जुळतात व प्रतिकारक पिष्ट वाढतें. पुन्हां गरम केल्यानें तें सर्वच नाहींसें होत नाहीं, हें खरें. परंतु ही वाढ थोडीच असते. शिळा भात खाऊन मधुमेह हटेल असें कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. आणखी एक गोष्ट. शिजलेला भात उन्हाळ्यांत तासन् तास उबेस ठेवला तर त्यांत वाढणारे एक प्रकारचे जंतू विष तयार करतात, व तें विष भात फिरून तापविल्यानेंहि जात नाहीं. शिळा भात ठेवावयाचा तर तो लौकर निववून शीतपेटींत ठेवावा. ती सोय नसेल तर ताजा शिजवावा व निम्म्या भाताच्या जागीं उसळ घ्यावी. त्यांत लाभ अधिक आहे.

कच्च्या केळ्याबद्दलहि असाच खुलासा करणें जरूर आहे. त्यांत प्रतिकारक पिष्ट विपुल असतें तें कच्चें असेपर्यंत. उकडून भाजी केली कीं त्याचा मोठा भाग पचण्याजोगा होतो, आणि भाजी निवल्यावर कांहीं अंशीं परत जुळतो. जळगांवकडील ज्या बागायतदारांस भाव पडल्यामुळें घड उकिरड्यावर टाकण्याची पाळी येते, त्यांनीं कच्च्या केळ्यांच्या चकत्या वाळवून पीठ करण्याकडे लक्ष द्यावें. तें पीठ शिजविलें तरी मैद्याहून खचित बरें. परंतु त्याच्या पिशवीवर कच्च्या केळ्याचे सर्व गुण छापणें हा प्रामाणिकपणा नव्हे.

आतां कांद्याकडे. कांद्यास आयोडीनचा डाग पडत नाहीं, कारण कांदा पिष्ट साठवीतच नाहीं. त्याची शिल्लक निराळ्या नाण्याची आहे. द्राक्षशर्करेऐवजीं तो फलशर्करेच्या लहान माळा करतो. लसूण, शतावरी, डेलियाचे कंद व चिकोरीचीं मुळें यांची रीत तीच. या वर्गांतील प्रसिद्ध द्रव्य इन्युलीन. तें १८०४ सालीं जर्मनींतील व्हॅलेन्टिन रोझ यांनीं एका औषधी वनस्पतीच्या मुळांतून प्रथम वेगळें काढलें. या माळा तोडणारा पाचक रस मनुष्याच्या पोटांत नाहीं. त्यामुळें त्या जशाच्या तशा मोठ्या आंतड्यांत जातात व तेथील जंतूंपैकीं हितकारक मानलेल्या जातींची वाढ करतात. शौचास साफ होण्यास त्यांचा उपयोग होतो. चिकोरीचें इन्युलीन रोज १२ ग्रॅम घेतल्यास हा गुण येतो, असें युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ सालीं मान्य केलें.

कांदा उत्पादकास यांत एक गोष्ट विशेष समजण्यासारखी आहे. ज्या कांद्यांत घन भाग अधिक, त्यांत ही शिल्लकहि अधिक. आणि साधारणतः तोच कांदा चाळींत चांगला टिकतो. चाळींत महिने लोटतात तसतशा माळा तुटून फलशर्करा सुटी होऊं लागते, व कोंब हालूं लागला म्हणजे हें काम जोरानें चालतें. कोंब आलेला कांदा मऊ व पोकळ कां होतो, तर त्यानें आपली ठेव मोडावयास काढलेली असते. लसणींत ही शिल्लक वजनाच्या मानानें कांद्याहून अधिक असते, पण लसूण खाणार तें किती! परदेशीं चिकोरीच्या मुळांपासून काढलेली इन्युलीनची भुकटी शहरांतील दुकानांत डब्यांतून विकली जाते. ज्याच्या दारीं कांद्याचा ढीग आहे त्यानें ती विकत घेण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं.

मात्र सर्वांनाच हें मानवतें असें नव्हे. ज्यांचें आंतडें नाजूक आहे, ज्यांस वारंवार पोट फुगून कळा येतात, त्यांस कांदा-लसूणच नव्हे तर गव्हाची पोळीहि त्रास देते. कारण गव्हांतहि या माळा थोड्या प्रमाणांत असतात. अशांनीं आपल्या पोटाचा कौल मानावा, लेखांचा नव्हे.

वाल, पावटा, मटकी, हरभरा यांनीं वात धरतो अशी जी सार्वत्रिक तक्रार आहे तिचें मूळहि एका शिल्लकेंतच आहे. कडधान्यें पिष्टाखेरीज रॅफिनोज, स्टॅकिओज या नांवांच्या लहान शर्करा बियांत ठेवतात. त्या तोडण्याचा रसहि मनुष्यापाशीं नाहीं. जंतू त्यांस आंबवितात व वायु सुटतो. बी रुजूं लागलें कीं सर्वांआधीं याच शर्करा खर्ची पडतात. आमच्या घरांतील बायकांनीं वाल भिजवून, तें पाणी टाकून, फडक्यांत बांधून मोड आणून बिरडें करण्याची जी रीत पाडली, तिच्या मुळाशीं हेंच रहस्य आहे. बियांना वाटतें कीं पेरणी झाली. तीं आपली ठेव मोडतात, आणि आपण तीं नेमकीं त्याच वेळीं खातों. ज्यांस कडधान्य बाधतें त्यांनीं तें सोडण्यापूर्वीं ही रीत नेमानें करून पाहावी. थोडा वायु सर्वांसच होतो व तो रोग नव्हे.

उपासाच्या पदार्थांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदांतील पिष्ट धुवून काढून केलेल्या गोळ्या. तामिळनाडूंतील सेलम भागांत त्याचे कारखाने आहेत. त्यांत प्रथिन जवळजवळ नाहीं, तंतु नाहीं; केवळ मोकळें झालेलें पिष्ट. खिचडींतील दाण्याचें कूट हाच काय तो त्यांतला विसावा, कारण त्यांतील तेल व प्रथिन पिष्टाचा वेग थोडा आवरतात. गंमत अशी कीं खिचडींतील टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हीं चारहि अमेरिका खंडांतून आलेलीं आहेत. तेव्हां प्राचीन धर्माचा आधार त्यांस देतां येईल असें वाटत नाहीं. मधुमेह्यास उपास करावयाचाच असेल तर उकडलेलें रताळें बेतानें, सुरण किंवा राजगिरा बरा. रताळें निखाऱ्यांत भाजण्यापेक्षां उकडावें. हळूहळू भाजतांना त्यांतील एक रस पिष्टाची माल्टशर्करा करीत राहतो. भाजलेलें रताळें अधिक गोड लागतें तें यामुळें, आणि रक्तांतील शर्कराहि तें अधिक वेगानें चढवितें.

शेवटीं मेथी व गवार. या दोघींच्या बियांत रोपासाठीं जो साठा असतो तो पिष्ट नसून डिंकासारखें द्रव्य असतें. त्यास गॅलॅक्टोमॅनन म्हणतात. मेथीचे दाणे रात्रीं भिजत घातले कीं सकाळीं जो बुळबुळीतपणा येतो तो त्याचाच. रानांत दाणा ओलावला कीं हें द्रव्य पाणी धरून ठेवतें व कोंवळा अंकुर कोरडा पडूं देत नाहीं. आपल्या पोटांतहि तें पाणी धरून घट्ट होतें. अन्न सावकाश पुढें सरकतें व शर्करा रक्तांत हळूहळू उतरते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेंत १९८० नंतरच्या दशकांत मधुमेही रोग्यांवर मेथीचे प्रयोग झाले व रक्तांतील आणि मूत्रांतील शर्करा उतरलेली आढळली. परंतु १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तेल काढलेल्या मेथीचें प्रमाण रोज १०० ग्रॅम होतें. फोडणींतल्या चिमूटभर मेथीकडून तोच गुण मागणें हें पैशाच्या पावतीवर रुपयाचा दावा करण्यासारखें आहे. भाजींत, पिठांत, भिजवून उसळींत असे एक-दोन चमचे मेथीदाणे रोज पोटांत गेले तर गुण थोडा पण खरा. औषध चालू असणाऱ्यांनीं प्रमाण वाढविण्यापूर्वीं डॉक्टरांस सांगावें. दोहोंनीं मिळून शर्करा फाजील उतरण्याचा संभव असतो.

गवारीच्या बियांचा डिंक हा मोठा व्यापारी माल असून त्याच्या उत्पादनांत राजस्थान अग्रेसर आहे. अमेरिकेंत लठ्ठपणा कमी करण्याच्या नांवाखालीं त्याच्या गोळ्या विकल्या जात. त्या अन्ननलिकेंत फुगून अडकल्यामुळें कित्येकांस दवाखान्यांत न्यावें लागलें, व १९९० च्या सुमारास तेथील सरकारला त्यांची विक्री बंद करावी लागली. म्हणून मेथीची किंवा गवारीच्या बियांची पूड कोरडी तोंडांत टाकून गिळूं नये. ती आधीं पाण्यांत किंवा ताकांत चांगली भिजवावी, वर पेलाभर पाणी प्यावें. आणि म्हाताऱ्या माणसांस, ज्यांस गिळण्याचा त्रास आहे त्यांस, ती भाकरीच्या पिठांत मळूनच द्यावी.